फोनवरून आलेली नोकरी



पूर्वी गावात पोस्टमन आला की लोक विचारीत, "आमचं काही आहे का हो?" आता पोस्टमनची वाट फारसे कोणी बघत नाही. खिशातला फोन वाजतो आणि त्यात निरोप येतो. लग्नाचा येतो, मयताचा येतो, बाजारभावाचा येतो. अलीकडे नोकरीचाही येतो.

ही फोनवरून येणारी नोकरी कशी असते, तिच्यातली खरी कोणती आणि खोटी कोणती, हे आज आपण समजून घेऊ. या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती चूक पुढे सांगतोच. आधी थोडे मागचे सांगतो.

पूर्वी काम कसे मिळे

मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी जॉबर नावाचा माणूस असे. गिरणीचा मालक स्वतः कामगार शोधीत नसे. ते काम जॉबर करी. तो आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे आणून कामावर लावी. काम मिळणे न मिळणे त्याच्या मर्जीवर असे. मर्जी राखायची तर त्याला दस्तुरी द्यावी लागे.

आमच्या बीड भागात ऊसतोडीचे कामही असेच मिळते. मुकादम येतो, उचल देतो आणि नवराबायको कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात. मुकादम चांगला असो की वाईट असो, पण त्याचे गाव आणि घर आपल्याला ठाऊक असते. काही वाकडे झाले तर त्याच्या दारात जाऊन बसता येते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे कामी येणार आहे.

शिकलेल्या मुलांसाठी सरकारचे सेवायोजन कार्यालय असे. लोक त्याला 'एम्प्लॉयमेंट' म्हणत. १९४५ साली महायुद्धावरून परतलेल्या शिपायांना काम मिळावे म्हणून ही कार्यालये सुरू झाली. १९४८ साली ती सर्वांना खुली झाली. तिथे नाव नोंदवायचे आणि पत्राची वाट बघायची.

माझ्या तरुणपणी मलाही एका जागेसाठी मुलाखतीचे पत्र आले होते. पण दिवस पावसाळ्याचे. ओढा भरून वाहत होता आणि गावात येणारी वाट बंद होती. पत्र हातात पडले तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. ती जागा गेली. आज तसा निरोप निघाला असता तर मला तो त्याच घटकेला मिळाला असता. म्हणून सांगतो, फोनला नावे ठेवणाऱ्यांतला मी नव्हे.

आता काय बदलले

संगणकावर नोकऱ्यांच्या जाहिराती लावण्याची रीत आपल्या देशात तशी जुनी आहे. 'नौकरी डॉट कॉम' १९९७ साली निघाले. परदेशात 'लिंक्डइन' २००३ साली सुरू झाले. पण तो मामला शहरातल्या, इंग्रजी जाणणाऱ्या लोकांचा होता. २०१६ सालानंतर फोनवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि हे वारे खेड्यात शिरले. २०१९ साली निघालेल्या 'अपना' या ॲपसारखी साधने तर मुख्यतः कष्टाच्या कामांसाठीच आहेत. ड्रायव्हर, गोदामातला हमाल, पहारेकरी, शिवणकाम करणारी बाई, दुकानातला मदतनीस, अशा जागा त्यांवर असतात.

कंपन्यांना हे का आवडते? कारण सरळ आहे. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर पैसे पडतात आणि वाट बघावी लागते. फोनवर मात्र सकाळी निरोप सोडला तर दुपारपर्यंत शेकडो अर्ज येतात. माणूस लांब असला तरी फोनवरच त्याचे तोंड बघून चार प्रश्न विचारता येतात. त्याचा येण्याजाण्याचा खर्च वाचतो आणि यांचा वेळ वाचतो.

आता हे ॲप आतून कसे चालते ते पाहा. तुम्ही धान्य चाळता ना? चाळणीची भोके जशी, तसे दाणे खाली पडतात. ॲपचेही तसेच आहे. ते तुम्हाला नाव, गाव, वय, शिक्षण, पूर्वीचे काम आणि मागणीचा पगार विचारते. इकडे कंपनी सांगते, "मला दहावी झालेला, पुण्याजवळ राहू शकणारा, फिटरचे काम येणारा माणूस पाहिजे." मग यंत्र चाळण लावते. जे बसतात त्यांची नावे कंपनीपुढे जातात, बाकीचे वर राहतात. म्हणून अर्जातली एखादी जागा रिकामी सोडली तर कामाचा माणूसही चाळणीत अडकतो. कामसूपणा यंत्राला दिसत नाही. त्याला लिहिलेले तेवढेच दिसते.

मोठ्या जागांसाठी काही कंपन्या उमेदवाराचे फेसबुकही उघडून बघतात. तिथे आपण काय लिहितो, कोणाला शिव्या देतो, कसले फोटो लावतो, ते त्यांना दिसते. चावडीवर बोललेले वाऱ्यावर जाते, फोनवर लिहिलेले राहते. तरुण मुलांना हे जरूर सांगा.

सरकारही आता याच वाटेने चालले आहे. २०१५ साली केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' नावाचे नोकरीचे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या राज्याचे 'महास्वयं' आहे. दोन्हींवर नाव नोंदवायला एक पैसाही लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मार्गदर्शन केंद्र असते. तिथले लोकही याची माहिती देतात. २०२३ साली राज्यात तलाठ्यांची भरती झाली. जागा चार हजारांहून थोड्या अधिक होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. हे सारे अर्ज संगणकावरून आणि फोनवरूनच भरले गेले.

या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. एक, आता अर्ज करायला फोन हाताळता आलाच पाहिजे. दुसरी, जागा थोड्या आणि गरजू फार. जिथे गरजू फार, तिथे फसवणारा येतोच. गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आहे. खरे म्हणजे गरजवंताला अक्कल असते, पण थांबून विचार करायला त्याच्यापाशी वेळ नसतो.

माझी चूक

आता माझी चूक सांगतो.

एके दिवशी माझ्या फोनवर एक निरोप आला. पाठवणारा माझाच जुना विद्यार्थी होता. निरोप असा होता: 'विमानतळावर भरती. शिक्षण दहावी. पगार ३५,००० रुपये. राहणे-जेवण फुकट. मुलाखत नाही. जागा थोड्या. आजच संपर्क करा.' खाली एक फोन नंबर होता.

मला वाटले, गावात इतकी मुले बसून आहेत, एखाद्याचे भले होईल. मी तो निरोप आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली माझ्या हाताने लिहिले, 'गरजूंनी लाभ घ्यावा.' झाले! गुरुजींनी पाठवले म्हणजे खरेच असणार, असे लोकांनी धरले.

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येतात. नवरा वारला आहे. शेतमजुरी करून त्यांनी मुलाला आयटीआयला घातले. मुलगा फिटर झाला, पण वर्षभर घरीच होता. त्याने त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, "तुमची निवड झाली. नोंदणी फी २,५५० रुपये भरा." मुलाने भरले. चार दिवसांनी ड्रेस आणि ओळखपत्राचे ६,८०० मागितले. तेही उसने आणून भरले. दुसऱ्याच दिवशी आणखी निरोप आला, 'प्रशिक्षणाचे १५,००० भरा, पहिल्या पगारात परत मिळतील.'

तेव्हा बाई बचत गटाचा कर्जाचा कागद घेऊन वर्गात आल्या. सही करण्याआधी तो मला दाखवायचा होता. मी विचारले, "कर्ज कशाला?" त्यांनी मुलाचा फोन काढला. आणि बरे का, तो निरोप त्यांनी मला वाचायला दिला नाही. एकेक अक्षर जुळवून स्वतःच वाचून दाखवला. वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आपण रोजानं गडी लावतो, तव्हा गड्याकडून पैसे घेतो का? मग काम देणाराच पैसे मागतोय, ही कसली रीत?"

मी ऐकून गप्पच झालो. सबंध आयुष्य शिकवण्यात गेले, आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांना अक्षरओळख होऊन आठ महिने झाले होते आणि त्यांना तो सुचला.

आम्ही लगेच १९३० या नंबरवर फोन केला. हा सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर आहे. आदल्या दिवशी गेलेले ६,८०० रुपये पुढच्या खात्यात अडकवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. पहिले २,५५० गेले ते गेलेच. ते मी भरून देऊ लागलो. बाई म्हणाल्या, "पैसे नको गुरुजी. गुरुपवर तेवढं लिवा, तो निरोप खोटा हाय म्हणून."

मी लिहिले. रात्रीपर्यंत आणखी दोन घरचे लोक येऊन भेटले. त्यांनीही पैसे भरले होते आणि लाजेने गप्प बसले होते.

या गोष्टीचे मर्म असे आहे. फोनवर निरोप पाठवणारा ओळखीचा असतो, पण काम देणारा अनोळखी असतो. आपण पाठवणाऱ्याकडे बघून विश्वास ठेवतो. पाठवणाऱ्याने मात्र काहीच तपासलेले नसते. तोही कोणाकडे तरी बघून पुढे ढकलतो. मघाशी मुकादमाचे घर ध्यानात ठेवा म्हटले होते, ते यासाठी. या फोनवरच्या मुकादमाला घरच नसते. त्याच्या दारात जाऊन बसणार कसे?

निरोप कसा वाचावा

वाचता येणे म्हणजे नुसते अक्षर लावणे नव्हे. वाचून प्रश्न विचारणे म्हणजे वाचणे. नोकरीचा निरोप आला की त्याला हे पाच प्रश्न विचारा.

१. पैसे मागितले आहेत का? नोंदणी, ड्रेस, अनामत, प्रशिक्षण, कागदपत्र, नाव कोणतेही असो. नोकरी देण्यासाठी कंपनी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. सरकारी परीक्षेची फी मात्र असते. तलाठी भरतीला खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये होती. पण ती परीक्षेची फी झाली, नोकरीची किंमत नव्हे. शिवाय ती सरकारी जाहिरातीत दिलेल्या ठिकाणीच भरायची असते, कोणा माणसाच्या फोन नंबरावर नव्हे.

२. कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता आहे का? 'नामांकित कंपनी' हे काही नाव नव्हे.

३. पगार कामाला शोभतो का? दहावी पास, कामाचा अनुभव नाही, मुलाखत नाही, आणि पगार ३५ हजार, राहणे-जेवण फुकट! आपल्या शेजारपाजारच्या मुलांना काय मिळते, ते आठवून बघा.

४. घाई केली आहे का? 'आजच', 'शेवटच्या पाच जागा', 'एक तासात' असे शब्द आले की समजावे, तुम्हाला विचार करू द्यायचा नाही.

५. निरोपावर पुढे पाठवल्याचे चिन्ह आहे का? व्हॉट्सॲपवर फार वेळा पुढे ढकललेल्या निरोपावर दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे खोटेच असे नाही. पण ते पाठवणाऱ्याचे स्वतःचे शब्द नाहीत, एवढे नक्की.

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' या अक्षरांनी संपतो. ही अक्षरे इंग्रजीत असतात. घरातल्या शाळकरी मुलाकडून ती वाचून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

फसवण्याचे आणखी प्रकार

काही जण घरबसल्या कमाईचे आमिष दाखवतात. 'व्हिडिओ बघा, अंगठा दाबा, पैसे मिळवा.' पहिल्या दिवशी खरोखरच शंभर-दीडशे रुपये देतात. मासा गळाला लागावा म्हणून लावलेले ते गांडूळ असते. मग म्हणतात, 'आता पाच हजार लावा, सात हजार घ्या.' लावले की गेले.

काही जण तुमचे बँकेचे खातेच मागतात. 'खाते वापरायला द्या, महिन्याला भाडे देतो.' असे कदापि करू नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवतात. पोलीस येतात ते तुमच्या दारात.

काही जण म्हणतात, 'पगाराचे पैसे पाठवतो, पिन टाका.' लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. फोनवर आलेला ओटीपीचा आकडाही कोणाला सांगू नये. आधार कार्डाची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती द्यावी.

मुलीबाळींना मुलाखतीसाठी लॉजवर किंवा कोणाच्या खोलीवर बोलावले तर जाऊ नये. खरी मुलाखत कचेरीत किंवा कारखान्यात होते. सोबत घरचे माणूस न्यावे.

आणि परदेशातली नोकरी! तिथे तर फार जपावे. थायलंडमध्ये संगणकाचे काम आहे असे फोनवर सांगून आपल्या देशातल्या तरुणांना म्यानमारच्या हद्दीत नेले गेले. तिथे त्यांना कोंडून ठेवले आणि फोनवरून लोकांना फसवण्याचेच काम करायला लावले. भारत सरकारने २०२२ सालीच याबद्दल सावध केले होते. तरीही लोक जात राहिले. शेवटी मार्च २०२५ मध्ये सरकारने विमाने पाठवून अशा ५४९ जणांना परत आणले. पाहा, नोकरीच्या नावाने ज्यांना फसवले, त्यांनाच दुसऱ्यांना फसवायला बसवले!

परदेशी कामाला नेणाऱ्या दलालाकडे सरकारी परवाना लागतो. त्याचे नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर बघता येते. त्याने ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून अधिक फी घ्यायची नाही, असा नियम आहे. जो म्हणतो, 'पर्यटनाच्या व्हिसावर चला, काम तिथे गेल्यावर बघू', त्याच्याबरोबर शेजारच्या गावीही जाऊ नये.

खरी नोकरी कशी आली

त्या बाईंच्या मुलाचे पुढे काय झाले? ऐका.

पैसे गेल्यावर त्याने फोन टाकून दिला नाही. आम्ही दोघांनी बसून ॲपवरचा अर्ज नीट भरला. आयटीआयचे नाव, वर्ष, काम, सारे लिहिले. एकही जागा रिकामी ठेवली नाही. दीड महिन्याने चाकणच्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांनी फिटरच्या कामाचे प्रश्न विचारले. मग निरोप आला. त्यात कंपनीचे पूर्ण नाव होते, पत्ता होता, कोणत्या तारखेला किती वाजता यायचे ते होते, कोणती कागदपत्रे आणायची ते होते. पैशाचा शब्दही नव्हता. पगार होता बेताचाच.

या वेळी बाईंनी निरोप दोनदा वाचला. तरीही आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. मुलाने आपल्या आयटीआयच्या मास्तरांना विचारले. आमच्या गावचा एक जण चाकणलाच कामाला आहे. तो त्या फाटकावर जाऊन विचारून आला. भरती चालू आहे असे कळले, तेव्हाच मुलगा एसटीत बसला. आज तो तिथे कामावर आहे.

बघा, निरोप फोनने आणला, पण खातरजमा माणसांनी केली. दोन्ही लागतात.

फसगत झाली तर

फसगत झालीच तर लाजू नका. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे दूर जातील. आपल्या बँकेलाही कळवा. पैसे भरल्याची पावती, तो निरोप आणि तो नंबर पुसून टाकू नका. तोच पुरावा. पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.

आणि शेवटचे सांगणे. नोकरीचा निरोप दुसऱ्याला पाठवण्याआधी स्वतः खात्री करा. खात्री करता येत नसेल तर पाठवू नका. तुमच्या नावावर कोणी तरी विश्वास ठेवणार आहे. माझ्या एका ओळीने गावातल्या तीन घरांचे पैसे गेले. 'गरजूंनी लाभ घ्यावा' हे शब्द मी त्या दिवसापासून लिहीत नाही. आता लिहितो, 'मी फाटकावर विचारून आलो आहे', नाहीतर काहीच लिहीत नाही.

तुम्ही वाचायला शिकलात. आता फोन वाजला की तो दुसऱ्याच्या हातात देऊ नका. स्वतः वाचा. सावकाश वाचा. आणि आमच्या वर्गातल्या बाईंचा प्रश्न जवळ ठेवा. काम देणारा गड्याकडूनच पैसे मागतो, ही कसली रीत?